बेताचा गारवा

उन्हाळ्यात कोण किती पाणी पितं, याकडे आमच्या भागात कुणी लक्ष देत नाही. चैत्र लागला की दारात आलेल्याच्या हातात आधी तांब्या द्यायचा, मग ख्यालीखुशाली विचारायची. पिणारा मान वर करून घटाघटा पितो, उरलेलं तोंडावर मारतो. मग ओल्या मिशांनी बोलायला सुरुवात करतो. तहान ही उन्हाळ्यात वाऱ्यासारखी सगळ्यांची असते. तिच्यात एखादीची वेगळी तहान मिसळून गेली तर कळणार कसं?

यंदाचं ऊनही तसंच आलं आहे. काळ्या रानांना भेगा पडल्या आहेत. दुपारी शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही. माझी थोरली बहीण, अक्का, पौषात गेली. तिच्याशिवायचा हा माझा पहिला उन्हाळा. भेटायला येणारे म्हणतात, भरल्या वयात गेली, वाईट वाटून घेऊ नये. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पाणी देते. पण ते गेल्यावर मन आपसूक एका जुन्या उन्हाळ्यापाशी जातं. तेव्हा अक्का विशीची होती, आणि सगळ्या गावालाच तहान लागलेली असल्यामुळे ती आमच्या हातून जवळजवळ निसटली होती.

गावाला तेव्हा कल्याणी म्हणायचे. बसवकल्याण हे नाव पुढे आलं. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, हैदराबाद राज्य मात्र अजून होतं. बाजारातल्या पाट्यांवर उर्दू अक्षरांवर रंग फासून मराठी आणि कन्नड अक्षरं काढली होती. ऊन तापलं की वरचा रंग पोपडे धरायचा आणि खालून जुनी नावं डोकवायची. आमचे अप्पा शाळामास्तर. आयुष्यभर उर्दूतून भूगोल शिकवलेला. आता रात्री पाटीवर कन्नड बाराखडी घोटायचे. घरात आम्ही अव्वाशी, म्हणजे आईशी, मराठी बोलायचो. अव्वा देवाशी आणि म्हशीशी कन्नड बोलायची.

अक्काला मन्नाएखेळ्ळी गावी दिलं होतं. दाजी शेतकरी, अंगानं दणकट, बोलायला कमी. त्या वर्षी ती माहेरी आली तेव्हा चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. सासरी काम फार असेल, असं अव्वाला वाटलं. अक्का पाणी प्यायची, परत उठून प्यायची, माठाशेजारीच बसायची. "उन्हाळाच हाय," सगळे म्हणायचे. मोरीत मुंग्यांची रांग लागली. अव्वानं मलाच दटावलं, गुळाचं पाणी सांडलंस म्हणून. अखेर एका सकाळी अक्का चक्कर येऊन पडली आणि अप्पांनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना घरी आणलं.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे होते. काचेच्या नळीत त्यांनी निळं औषध घेतलं, त्यात अक्काच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि शेवटी भाजलेल्या विटेचा रंग आला. एवढं सुंदर आणि एवढं वाईट एकाच वेळी मी पहिल्यांदा पाहत होते.

"शक्कर की बीमारी है," ते अप्पांना म्हणाले. "सुई लेना पडता, रोज, जिंदगीभर. डरो नक्को मास्तर. सुई है तो लडकी है."

औषध, म्हणजे इन्सुलिन, हैदराबादहून आणायचं होतं. ते मिळायचं तेव्हा एकदम दोन-चार महिन्यांचं घ्यावं लागायचं. चालू बाटली घरात ओल्या वाळूतल्या मडक्यात चालेल, बाकीच्या बाटल्यांना खरा गारवा पाहिजे, असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. उन्हाळ्यात कल्याणीत खरा गारवा कुठून आणायचा? तो एकाच ठिकाणी होता. मोटारस्टँडसमोर, मल्लण्णाच्या सोडावॉटरच्या दुकानात.

मल्लण्णानं सोलापूरहून रॉकेलवर चालणारा फ्रिज आणला होता. पांढरं, चकचकीत कपाट. त्याच्या पोटाखाली तेलाची टाकी आणि वात. खाली जाळ पेटवायचा आणि वर बर्फ व्हायचा. बसवेश्वराच्या देवळातून येणारे म्हातारे तिथं थांबून वाकून वाकून ज्योत बघायचे.

"व्हय रे मल्लण्णा, चुलीवर बर्फ शिजवायलास का?"

"शिजला की वाढतो, बसा," मल्लण्णा म्हणायचा.

मी पुढे पुस्तकातून समजून घेतलं. मागच्या नळ्यांत बंद केलेला द्रव त्या ज्योतीनं उकळतो, चढतो, निवतो, उतरतो, आणि फिरता फिरता कपाटातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उष्णताच उष्णतेला घराबाहेर काढते. पण समजून घेतल्यावरही माझं आश्चर्य काही कमी झालं नाही.

अप्पा औषध घेऊन दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होते. मल्लण्णानं आधी हात धुतले. सगळ्यात वरची फळी, बर्फाच्या कप्प्याला लागून असलेली, सोड्याच्या बाटल्या काढून मोकळी केली. तिच्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. औषधाच्या डबीला विभूतीचं बोट लावलं.

"खालच्या फळीला गिऱ्हाइकाचे हात लागत्यात, मास्तर," तो म्हणाला. "लेकीचं औषध म्हंजे देवच की. ते वरच ऱ्हाईल."

आमच्या घरांत जे पवित्र, ते उंचावर. विभूतीची गोळी, लोणच्याची बरणी, देवाला काढलेलं तूप, सगळं वरच्या फळीवर. मानाची जागा वर असते, हे आम्ही चालायला शिकलो तेव्हापासून शिकलो होतो. त्यामुळे मल्लण्णा करत होता त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. उलट अप्पांचे डोळे भरून आले.

पहिली बाटली मडक्यातली होती. तिनं अक्काच्या गालांवर थोडं मांस आलं. नळीतला रंग विटेवरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर आला. अक्का एका दुपारी चक्क हसली. मग ती बाटली संपली आणि फ्रिजमधली पहिली बाटली घरी आली. आठवडाभरात नळी पुन्हा विटेच्या रंगाची झाली.

सुई तीच, वेळ तीच, भाकरीचा तुकडाही तेवढाच. मग बदललं काय? आंब्याचे दिवस होते. कोठीच्या खोलीत गवतावर आढी घातलेली. अव्वाची नजर आधी त्या खोलीकडे गेली, मग अक्काकडे.

"खरं सांग शांता, काय खाल्लीस?"

"काई न्हाई, अव्वा."

"मग कामून असं व्हायलंय?"

अव्वानं कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवसापासून अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायला लागली, जिथून ती सगळ्यांना दिसेल. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. पाणी प्यायला उठायची तेव्हाही मला म्हणायची, "तू चल बरोबर." ती साक्षीदार घेऊन पाणी प्यायची, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

आणि मग तो वास आला. अव्वा तिची वेणी घालत होती. अक्कानं मान वळवून काहीतरी विचारलं आणि अव्वाचा हात थांबला. अक्काच्या तोंडाला पिकल्या फळाचा वास येत होता. गोड, जरा जास्तच पिकलेल्या फळाचा.

"तोंडाला वास यायलाय, आन तोंडावर खोटं बोलतीस?" अव्वा ओरडली. ती रागानं ओरडत नव्हती. ती भ्याली होती. लेक हातची चालली आहे, आणि चोरून आंबे खाऊन स्वतःच चालली आहे, असं तिला वाटत होतं. अक्का भिंतीला टेकली. "अव्वा, मी न्हाई ग," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले. तिचा श्वास खोल आणि भराभर चालला होता, पळत आल्यासारखा.

अप्पा दवाखान्याकडे धावले. डॉक्टरसाहेब आले, अक्काच्या तोंडाशी वाकले आणि त्यांचा चेहरा बदलला. "ये आम नई है अम्मा," ते अव्वाला म्हणाले. "ये बीमारी की बू है. सुई का असरच नई हुआ इसको." दवाखान्यातल्या औषधाच्या कपाटात त्यांच्यापाशी एक चांगली बाटली होती. ती मागवून त्यांनी सुई दिली, शिरेतून मिठाचं पाणी चढवलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिले. अक्काचा श्वास हळूहळू संथ झाला तेव्हा त्यांनी आमची बाटली मागितली. खिडकीच्या उजेडात धरून हलवली. स्वच्छ पाण्यासारखं असायला हवं होतं ते औषध. त्यात बारीक पांढरे तंतू तरंगत होते.

"ये जम को पिघल्या हुआ है. किदर रखे थे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते अप्पांबरोबर मल्लण्णाच्या दुकानात गेले. मीही गेले. वरच्या फळीवरचं फडकं त्यांनी उचललं तर ते पापडासारखं ताठ होतं. एकेक बाटली त्यांनी उजेडात धरली, एकेक बाजूला ठेवली. सगळ्यांत तंतू.

"अरे मल्लण्णा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "इत्ती इज्जत कायको दिए?"

मल्लण्णा बाटल्यांच्या लाकडी खोक्यावर बसला आणि त्यानं तोंडावर टॉवेल घेतला. डॉक्टरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मेरी बी गलती है. ठंडा बोला मैं. कित्ता ठंडा, नई बोला."

घरी अव्वानं किल्ली काढून चुलीमागे ठेवून दिली. बराच वेळ अक्काला वारा घालत बसली. मग म्हणाली, "मला खरंच वास आला ग."

"वास खराच व्हता, अव्वा," अक्का म्हणाली.

मी हे लिहीत असताना स्वयंपाकघरातलं आमचा फ्रिज मधूनच गुणगुणतो, मग आपसूक थांबतो. आत किती गार झालं हे त्याचं त्याला कळतं. पुरे झालं की तो थांबतो. अक्का अखेरच्या वर्षांत खाटेवर पडल्या पडल्या त्याचं सुरू होणं आणि थांबणं ऐकत असायची. माणसांना असं थांबणं जड जातं. विशेषतः ज्यांचा जीव जडलेला असतो त्यांना. मल्लण्णाचं काय चुकलं? त्याच्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यानं सगळंच्या सगळं दिलं.

अप्पा नवीन औषध आणायला हैदराबादला गेले. डॉक्टरसाहेबांची बाटली ते परत येईपर्यंत पुरवायची होती. अक्का उठून बसायला लागली, आणि बसायला लागल्याबरोबर म्हणाली, "ते कपाट मला बघायचंय."

बायकांनी मोटारस्टँडवर दुकानात जाऊन बसायची रीत नव्हती. अव्वा नको म्हणाली. अक्का म्हणाली, "औषध माझं हाय. दुसऱ्यानं किती जपावं?" मल्लण्णानं दुकानाच्या आतल्या बाजूला घोंगडी अंथरून दिली आणि आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ तिथं जायला लागलो.

तिनं पहिल्यांदा काही केलं नाही, नुसतं पाहिलं. दिवसा गिऱ्हाईक सारखं येतं, दार सारखं उघडतं, आत ऊन शिरतं. रात्री दुकान बंद, दार बंद, बाहेरची हवाही उतरलेली. जाळ मात्र दिवसाएवढाच. म्हणजे पहाटे आत थंडी माजते. सकाळी दुकान उघडताना तिनं वरच्या फळीवर वाटीत ठेवलेलं पाणी बघितलं तर त्याचा दगड झाला होता. खालच्या फळीवरच्या वाटीवरही साय धरावी तसा पातळ बर्फ होता.

"पानी जम्या तो बात गई," डॉक्टरसाहेब म्हणाले. "पैले मालूम होना." त्यांच्याजवळ तापाची नळी होती. ती माणसाच्या अंगाचा ताप सांगायची, एवढ्या खालचा गारवा तिला मोजता येत नव्हता.

पाण्याच्या आधी गोठेल असं काय असतं? अक्कानं अव्वाच्या स्वयंपाकघरातून तीन कुप्या भरून आणल्या. एक खोबरेल, एक करडईचं, एक शेंगतेल. तिन्ही खालच्या फळीवर ओळीनं ठेवल्या. बातमी स्टँडभर झाली.

"मल्लण्णा, फोडणी कवा द्यायलास?"

"कांदा आण, मग देतो."

खोबरेल ठेवल्याबरोबर गोठलं. त्याचा उपयोग नव्हता, ते साध्या थंडीतही गोठतं. करडईचं तेल काही केल्या हललं नाही. शेंगतेल मात्र आधी धुरकट झालं, मग जाड झालं. आणि ते जाड व्हायला लागलं तेव्हा शेजारच्या वाटीतलं पाणी अजून पाणीच होतं. अक्कानं ती कुपी उजेडात धरली, वाकडी केली, सरळ केली. नवीन नवरीला बघावं तसं तिनं त्या धुरकट तेलाकडे पाहिलं. "हे सांगतंय," ती म्हणाली. डॉक्टरसाहेबांनी कुपी हातात घेतली आणि मोठ्यानं हसले. "वा! बावर्चीखाने का थर्मामीटर!"

तेल स्वच्छ असलं तर ठीक. धुरकट झालं की वात खाली. हळूहळू बाकीचंही तिच्या ध्यानात येत गेलं. ज्योत निळी पाहिजे. पिवळी झाली की रॉकेल जास्त जळतं, धुराड्यात काजळी धरते आणि गारवा उलट कमी होतो. दुकानाची फरशी धुण्याच्या पाण्यासाठी गटाराकडे उतरती होती, त्यामुळे कपाट कलतं उभं होतं. डॉक्टरसाहेबांनी पुस्तकात वाचलं होतं की ते समतल लागतं. मल्लण्णानं पायाखाली शहाबादीची चीप सारली. मागची भिंत सोडून कपाट वीतभर पुढे ओढलं, म्हणजे नळ्यांची धग निघून जाईल. आतल्या कप्प्यावर साचलेला बर्फाचा थर वितळू दिला. एवढं झाल्यावर आधीपेक्षा बारीक ज्योतीवर बाटल्या तितक्याच गार व्हायला लागल्या. मल्लण्णा दुकान बंद करताना वात उतरवायचा आणि बाहेरून आमच्या दाराशी येऊन सांगून जायचा, "उतरवली, शांताबाई."

अप्पा औषध घेऊन आले. बाटल्या खालच्या फळीवर गेल्या, सोड्याच्या बाटल्यांच्या शेजारी. मल्लण्णानं विभूतीचं बोट लावण्यासाठी हात पुढे केला, मग अक्काकडे पाहिलं. "लावा की काका," ती म्हणाली.

बसव जयंतीच्या दिवशी गाव माणसांनी भरलं. उमरग्याकडून, हुमनाबादकडून मोटारी येत होत्या, टपावर माणसं होती. ऊन असं की पत्रे तडतडत होते. दुकानासमोर ही गर्दी. दार मिटायची फुरसत नव्हती. बाटल्या गार व्हायच्या आधीच उचलल्या जात होत्या.

"मल्लण्णा, ह्यो सोडा हाय का काढा?"

"वाढव की वात! तेल कामून जपायलास?"

मल्लण्णानं घाम पुसला. वर्षाची कमाई अशाच दिवसांत व्हायची. तो आत येऊन अक्काजवळ वाकला. "बाई, आजच्या दिस जराशी वाढवू? कुपीतलं तेल तर साफ दिसायलंय."

अक्कानं विचार केला. मला आठवतं, तिनं लगेच नाही म्हटलं नाही. "आता वाढवली तर आत्ता कळायचं न्हाई, काका. बर्फ व्हायला वेळ लागतो. गर्दी गेली, दार मिटलं, की मग सगळा गारवा एकदम औषधावर येईल. ह्या गर्दीत तवा वात उतरवायची तुमच्या ध्यानात ऱ्हाईल का?"

मल्लण्णानं आतल्या डबीकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन दुकानाच्या फळीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "आज सोडा असाच मिळंल. बर्फासारखा पायजे त्यानं हिवाळ्यात यावा!"

लोक हसले. काही निघून गेले. बरेचसे राहिले आणि कोमट सोडा पिऊन, ढेकर देऊन, मल्लण्णाला शिव्या देत पुढे गेले.

त्या गर्दीतून दाजी आले. डोक्याला मुंडासं, धुळीनं भरलेले पाय. अक्का आजारी पडल्यापासून ते अधूनमधून यायचे, ओसरीवर बसून जायचे. मन्नाएखेळ्ळीला त्यांच्या आईनं दुसऱ्या सोयरिकीची बोलणी काढली आहेत, हे आमच्या कानावर आलं होतं. दाजी त्याबद्दल काही बोलले नव्हते. ते कशाबद्दलच फारसं बोलायचे नाहीत. आज घरी अव्वानं त्यांना इकडे पाठवलं होतं. बायको स्टँडवरच्या दुकानात घोंगडीवर बसलेली पाहून ते दारातच थबकले.

मल्लण्णानं त्यांच्या हातात बाटली दिली. ते एका दमात प्याले. "गार न्हाई," म्हणाले.

"बायकूला विचारा," मल्लण्णा म्हणाला. "मालकीण त्या हायत."

दाजी अक्कासमोर उकिडवे बसले. तिच्या गालांकडे पाहत राहिले. गाल भरले होते, डोळ्यांत पुन्हा तेज होतं. "बरी दिसायलीस," ते म्हणाले. मग रिकामी बाटली खाली ठेवत, "येतीस का?"

"येते," अक्का म्हणाली. "औषध कुठं ठेवू?"

ती तक्रार करत नव्हती, की त्यांना अडवतही नव्हती. खरंच विचारत होती. मन्नाएखेळ्ळीला हमरस्ता होता, ज्वारीची पेवं होती, भरपूर पाणी होतं. असं कपाट नव्हतं. दाजींनी फ्रिजकडे पाहिलं. वाकून खालची निळी ज्योत पाहिली. अक्कानं दार जेमतेम हातभर उघडून त्यांना डबी दाखवली, तेलाची कुपी दाखवली आणि पटकन दार लावलं.

बाहेर हुमनाबादच्या मोटारीनं भोंगा वाजवला. दाजींना तिनंच परत जायचं होतं. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. क्लीनर दारावर थापा मारत ओरडत होता. अक्का म्हणाली, "गाडी लागली बघा."

"लागू दे," दाजी म्हणाले.

मोटार धूळ उडवत वळली आणि निघून गेली. स्टँडवरची गर्दी थोडी विरळ झाली. दाजींनी मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं आणि मल्लण्णाला विचारलं, "हिकडं आडतीवर कामाला माणूस लागतो का कुणाला?"